गचपणापाशी डावीकडे

निसर्ग माणसाला क्षमा करायला शिकवतो. हे वाक्य त्याचंच. ‘सोप्या वाटा’ या पायी फिरणाऱ्यांसाठीच्या मालिकेतल्या एका पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा उरत होती आणि छापखान्याचा माणूस दारात उभा राहून किल्ल्या वाजवत होता, तेव्हा त्याने ते उभ्याउभ्या लिहून दिलं. पुढे एका दंतवैद्याने ते चौकट करून दवाखान्यात लावलं आणि कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभात ते दोनदा म्हटलं गेलं. त्याने स्वतः निसर्गात जाऊन कोणालाही क्षमा केलेली नव्हती. मुळात तो निसर्गात जातच नसे. झाडांबद्दल त्याचं मत एवढंच होतं, की ती फार आहेत.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसातून बाहेर पडला तो शेजारच्या टेबलावरचा नकाशे काढणारा काकडी खात होता म्हणून. काकडीचा आवाज त्याला सहन होत नसे, आणि नकाशेवाला तर काकडी अशी खायचा की जणू तिने त्याचं काही वाकडं केलं होतं. समोरच्या फुटपाथवर बुटांचं दुकान होतं. काचेआड खांबाला टेकून ठेवलेल्या काठ्या, भिंतीवर डोंगराचं चित्र, आणि मधोमध ती एक उतरती फळी, जिच्यावर खोटे दगड चिकटवलेले असतात आणि गिऱ्हाइकाने नवे बूट घालून तिच्यावर चढून-उतरून बघायचं असतं. त्या फळीवर त्याची बायको चढत होती. या वेळी तिने तिच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरत बसलेलं असायला हवं होतं. ती चढली, वरच्या टोकाला क्षणभर थांबली, मग हात किंचित पसरून उतरली. विक्रेता उकिडवा बसून तिच्या घोट्याकडे बघत होता. त्याने काहीतरी विचारलं आणि ती हसली. तोंड उघडून, मान मागे टाकून. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. पण एखादा जुना शेजारी बऱ्याच वर्षांनी परक्या गावात दिसावा तसं. मधून एक ट्रक गेला. ट्रक गेल्यावर ती पुन्हा चढत होती. आत जाऊन ‘अगं, तू इकडे कुठे’ म्हणायला रस्ता ओलांडावा लागला असता, एवढंच. त्याने तो ओलांडला नाही. त्याला त्या विक्रेत्याचा राग आला, मग बुटांचा, मग त्या खोट्या दगडांचा. आणि सगळ्यांत शेवटी, ऑफिसच्या जिन्यात, तिचा आला. तोपर्यंत तो राग चांगला मुरला होता.

टेबलावर चौदा क्रमांकाच्या वाटेचा मजकूर पडला होता. ही पुस्तिकांची मालिका ज्या बाई चालवत, त्यांनी काही शब्दांना बंदी घातली होती. चिखल लिहायचा नाही, ‘जमीन निसर्गतः मऊ’ लिहायचं. काटे नाहीत, ‘दाट झुडपं’. चढ असलाच तर ‘सौम्य’, आणि फारच असला तर ‘उत्साहवर्धक’. दमणे हे क्रियापद मालिकेत कुठेही नव्हतं. “आपला वाचक घाबरट आहे,” बाई म्हणत, “आणि त्याला ते कळता कामा नये.” हे काम तो इतकी वर्षं करत होता की आता घरीही त्याच्या तोंडून तसंच यायचं. बायको म्हणाली, आपलं काही बरं चाललेलं नाहीये, तर तो म्हणायचा, थोडं मऊ आहे. पण हे वरवरचं काम. त्याचं खरं कौशल्य चुका पकडण्याचं. दुसऱ्याच्या मजकुरातली चूक त्याला वास आल्यासारखी कळायची. हॉटेलातल्या पाट्या, औषधांच्या चिठ्ठ्या, शेजाऱ्यांच्या लग्नाच्या पत्रिका, काही सुटायचं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा घरभर माणसं बसलेली, बायको आईच्या खाटेची कड धरून उभी; आणि वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर हातात आल्यावर तो मोठ्याने म्हणाला होता, “जन्मसाल चुकलंय.” चुकलेलंच होतं. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि साल बदललं. नंतर खूप दिवसांनी बायको म्हणाली, “तू बरोबर होतास.” हे ती कौतुकाने म्हणाली नव्हती हे समजायला त्याला आणखी बरेच दिवस लागले, आणि समजल्यावरही त्याला वाटत राहिलं, की मग चुकीचं साल छापायला हवं होतं का?

दोन दिवस तो ती कधी सांगते याची वाट बघत राहिला. बुटांचं खोकं कुठे दिसेना. त्याने कपाटाखाली पाहिलं, गॅलरीत पाहिलं, स्वतःच्या घरात चोरासारखा वाकून वाकून पाहिलं आणि कंबर धरली. शनिवारी संध्याकाळी ती पलंगावर धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती, तेव्हा मान वर न करता म्हणाली, “उद्या तू घरीच असशील ना?”

“का?”

“आम्ही चालायला जातोय. ताई, भाऊजी, बाबा आणि मी.”

“चालायला म्हणजे?”

“चालायला म्हणजे पायांनी. तुझ्या पुस्तिकेतली अकरा नंबरची वाट. बाबांना झेपेल अशी तीच आहे म्हणे.”

“कोण म्हणे?”

“तूच म्हणे. छापलंयस ना. ज्येष्ठ, लहान मुलं आणि पहिल्यांदाच चालणारे यांच्यासाठी.” तिने एक करडा मोजा उलटा केला, त्याचा जोडीदार शोधला. “आणि आणखी एक. ताईकडची वरची खोली रिकामी झालीय. मी तिकडे जाऊन राहीन म्हणते. थोडे दिवस.”

“थोडे म्हणजे किती?”

“बघ. तुला आधी मोजमाप.”

“मग काय विचारायचं?”

“काही नको विचारूस. अजून ठरलेलं नाहीये. उद्या संध्याकाळी सांगते.”

“उद्या संध्याकाळी का? चालून आल्यावर अक्कल येते का माणसाला?”

“तुला अनुभव नाही, म्हणून विचारतोयस,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला काहीतरी करता आलं असतं. तिचा आवाज सौम्य होता, मालिकेतल्या चढासारखा.

“मीपण येतो,” तो म्हणाला. त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

तिचे हात थांबले. “तू?”

“मी लिहिलीय ती वाट. मला बघायला नको?”

“इतकी वर्षं नको होतं.” मग ती त्याच्याकडे पाहत राहिली, मोजा पंज्यावर चढवलेला, हात बाहुलीसारखा वर धरलेला. “ये मग. पण एक सांग. वाट बरोबर आहे ना? बाबांचा गुडघा अजून कच्चा आहे. काही चुकलं असेल तर आत्ता सांग, मी रागावणार नाही.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला. मग दुसऱ्या खोलीत जाऊन त्याने पुस्तिका काढली आणि वाट बरोबर आहे की नाही ते बघितलं.

अकरा क्रमांकाची वाट त्याला साडूने फोनवर सांगितली होती. थोरल्या मेव्हणीचा हा नवरा पाण्याचे पंप विकायचा आणि बोलायचाही तसाच, एकदा बटण दाबलं की टाकी भरून वाहेपर्यंत. सुट्टीच्या दिवशी तो एका चालणाऱ्यांच्या मंडळाचा पुढारी असे. वाट गोल होती. साडूच्या सांगण्याप्रमाणे ती गाडीतळावरून निघायची, तळ्याकाठाने जाऊन जंगलात शिरायची, आणि शेवटी डुकरांच्या गोठ्यांना वळसा घालून पुन्हा गाडीतळावर यायची. डुकरांवर शेवट करणं त्याच्या मनाला पटेना. वाचकाने घरी जाताना डोळ्यांत तळं घेऊन जावं. म्हणून त्याने वाट उलटी केली. ऑफिसातल्या पंख्याखाली बसून, एका दुपारात. आधी डुकरं, मग जंगल, शेवटी तळं. साडूची प्रत्येक डावी त्याने उजवी केली आणि प्रत्येक उजवी डावी. हे काम त्याने इतक्या काळजीने केलं होतं की शेवटी त्याला स्वतःच्या पाण्याच्या पेल्याकडे कुठला हात न्यायचा ते क्षणभर सुचलं नव्हतं. पुस्तिकेवर साडूचं नाव आलं नाही. ‘एका स्थानिक पदयात्रीच्या सहकार्याने’ एवढंच आलं. त्यावरून साडू वर्षभर त्याच्याशी जास्तच हसून बोलत होता. आता पलंगाच्या कडेवर बसून तो एकेक वळण बोटाने मोजत गेला. आणि आठव्या ओळीत, जिथे ‘दाट झुडपांपाशी वाट फुटते, तेथे डावीकडची वाट धरावी’ असं होतं, तिथे त्याचं बोट थांबलं. साडूनेही डावीकडेच सांगितलं होतं. त्याचे ते शब्द त्याला स्वच्छ आठवले, कारण साडू ‘झुडपं’ न म्हणता ‘गचपण’ म्हणाला होता आणि तो शब्द त्याला आवडला होता. इतका आवडला होता, की त्या नादात त्याने तेवढी एकच डावी उलटी करायची सोडली होती.

त्याने मोठा नकाशा पसरला. गचपणाच्या डाव्या अंगाला ठिपक्यांची एक फिकट रेघ जात होती आणि जिथे ती संपत होती तिथे बारीक अक्षरात ‘खाण, बंद’ असं होतं. दगडाची जुनी खाण. कठडा असेल, नसेलही. त्याला भीती वाटली, पण तिच्या काठाला दुसरंही काहीतरी होतं, गोडसर, आणि त्याकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. एवढंच करायचं होतं, की पलीकडच्या खोलीत जायचं आणि म्हणायचं, अगं, एका ठिकाणी चुकलंय माझं. दोन खोल्यांच्या मधल्या बोळात तो पोहोचलाही. ती फोनवर बहिणीशी बोलत होती. “तोही येतोय,” ती म्हणत होती. “हो ना… अगं, आता काय करणार… नाही, मी काही बोलले नाही.” आणि मग तेच हसू, दुकानातलं. तो बोळातच भिंतीला हात लावून उभा राहिला. भिंत थंड होती आणि जराशी ओलसर. निसर्गतः मऊ, असं त्याच्या मनात आलं. मग तो परत जाऊन नकाशाची घडी घालू लागला, आणि ती काही केल्या मूळच्या घडीत बसेना.

“काय लेखक,” सकाळी गाडीचं दार उघडून देत साडू म्हणाला, “पायांना कळवलंय ना, आज ड्युटी आहे म्हणून?”

“कळवलंय. त्यांनी तुमचं नाव ऐकून रजाच टाकली होती.”

“ऐका! सकाळी सकाळी फॉर्मात आहे आज.” साडू खूश झाला. त्याला काहीही बोललं तरी तो खूश व्हायचा. हेच त्याच्यातलं सगळ्यांत असह्य. मागच्या सीटवर दोन्ही बहिणी आणि खिडकीशी तो. पुढे सासरे, मांडीवर पुस्तिका घेऊन. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. छापलेलं काहीही ते मोठ्याने वाचत, मग ते साबणाच्या वडीवरचं का असेना. मुलींना ते थोरली आणि धाकटी म्हणत, जणू वर्गात नावांचा घोळ व्हायला नको, आणि दोन्ही जावयांना ‘जावईबापू’. हाक मारली की दोघंही वळून बघत, आणि म्हाताऱ्याला त्यात मजा येते असा त्याचा जुना संशय होता. धाकटीच्या पायात नवे बूट होते. त्याने बघितलं आणि तिने त्याला बघताना बघितलं. “नवे?” तो म्हणाला. “हो,” ती म्हणाली. दोघांतलं त्या दिवशीचं सकाळचं बोलणं तेवढंच झालं.

गाडीतळावर उतरल्याबरोबर गोठ्यांचा वास आला. वास असा की तो नाकात शिरत नव्हता, अंगावर चढत होता. “वाटेच्या सुरुवातीस,” सासरे खणखणीत आवाजात वाचू लागले, “ग्रामीण पशुपालनाचे जवळून दर्शन घडते.” थोरलीने पदर नाकाला लावला. साडू म्हणाला, “हे शेवटी यायचं. हा उलटा धंदा कुणाचा?” लोखंडी जाळीमागून एक डुक्कर त्यांच्याकडे बघत होतं, त्या सगळ्यांपैकी नेमकं त्याच्याकडे; लहान, गुलाबी कडांच्या डोळ्यांनी, ऑफिसातल्या बाई चौदा क्रमांकाचा मजकूर परत करताना बघतात तसं.

मग जंगल. एका वळणावर शेतं संपली आणि झाडांनी दोन्हीकडून उजेड कापून टाकला. पायाखाली पालापाचोळा कुजत होता आणि प्रत्येक पावलाला तो थोडा दबून पुन्हा वर येत होता, जणू खाली कोणीतरी झोपलंय आणि कूस बदलतंय. त्याच्या कानाशी एक चिलट लागलं ते हटेना. झाडं एकमेकांपासून अंतर राखून उभी होती आणि तरी त्यांचं काहीतरी ठरलेलं आहे असं वाटत होतं. एखाद्या खोलीत आपण शिरावं आणि बोलणारे गप्प व्हावेत तसं. पुढे साडूची पाठ आणि साडूचा आवाज. त्यामागे सासरे, काठी आणि गुडघा सांभाळत. मग दोघी बहिणी, डोकी जवळ नेऊन. आणि शेवटी तो. नव्या बुटांचे ठसे मऊ मातीत उमटत होते, नक्षीदार, पिठावर साचा दाबल्यासारखे, आणि तो त्यांच्यावर पाय देत चालला होता. अशाच एका रानात ती त्याच्यामागून चालत होती, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. तेव्हाही हौस तिचीच. वाटेवर कुठल्याशा खात्याने लावलेली पाटी होती, तिच्यात एकाच वाक्यात तीन चुका होत्या, आणि तो त्या समजावून सांगत पुढे चालला होता. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की मागून हुंकार येत नाही. वळून पाहिलं तर ती बरीच मागे एका ओंडक्यावर बसून बुटातला खडा काढत होती. तिथून तिने हात केला. त्यानेही हात केला आणि उभ्या जागी थांबला. ती येईल म्हणून. ती आलीच, पण लगेच नाही. आधी ती बूट हातात घेऊन बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मधलं अंतर एका हाकेचं. तेव्हा त्याला वाटलं होतं, ती दमलीय. परत मागे जाणं त्याच्या डोक्यातच आलं नाही. वाट पुढे होती. आता बहिणीच्या कानाशी ती काय सांगत असेल? ‘तो थांबतो,’ असं सांगत असेल. ‘नाही असं नाही. थांबतो.’

“मऊ आहे हो तुमची जमीन, जावईबापू,” सासरे चिखलातून काठी उपटत म्हणाले. दोन्ही जावयांनी वर पाहिलं.

आणि गचपण आलं. फोनवर ऐकताना त्याने कंबरेएवढी झुडपं कल्पिली होती. हे माणसापेक्षा उंच होतं, काटेरी, वेलींनी आवळलेलं, आत अंधार. लांबच लांब पसरलेलं, पलीकडचं काही दिसू न देणारं. त्याच्या तोंडाशी वाट फुटत होती. डावीकडची अरुंद, उजवीकडची जरा रुळलेली. साडू न थांबता उजवीकडे वळला.

“थांबा,” सासरे म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. “दाट झुडपांपाशी वाट फुटते, तेथे डावीकडची वाट धरावी.”

“अहो बाबा, उजवीकडे आहे. मी कितीदा आलोय.”

“इथे डावीकडे छापलंय.”

“छापलं असेल. माझे पाय काय छापलेले आहेत का?” साडू परत आला. आणि मग, पहिल्यांदाच, तो बोलायचा थांबला. त्याने गचपणाकडे पाहिलं, आलेल्या दिशेकडे पाहिलं, हवेत दोन्ही हात फिरवून काहीतरी उलटंसुलटं केलं. “एक मिनिट. मी तुला फोनवर डावीकडेच सांगितलं होतं, लेखक. पण मी तळ्याकडून येत होतो ना! आपण आज उलटे आलोय. म्हणजे उजवीकडे. हे उलटं करायचं तू विसरलास की काय?”

साडूच्या आवाजात विजय नव्हता. असता तर बरं झालं असतं. तो सरळ विचारत होता, पंपाची पिन बसलीय का असं विचारावं तसं. सगळे त्याच्याकडे बघत होते. थोरली पदराने वारा घेत, सासरे चष्म्यावरून. आणि धाकटी. तिचा चेहरा चालून लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याला वाटलं, हे बघणं फार दिवसांनी आलंय, यात अजून जागा आहे. “तू सांग,” ती म्हणाली. हळू म्हणाली. “चुकलं असेल तर चुकलं म्हण. मग उजवीकडे जाऊ, झालं.”

झालं. एवढंच. ‘चुकलं’ हा शब्द त्याने आयुष्यात हजारो वेळा उच्चारला होता, लाल शाईने समासात लिहिला होता, मेलेल्या माणसाच्या घरात मोठ्याने म्हटला होता. तोंड त्याला सरावलेलं होतं. पण तो शब्द नेहमी बाहेर जायचा, समोरच्याकडे. आत येताना तो कसा असतो, त्याला कुठून धरायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कानाशी चिलट परत आलं. त्याला नकाशावरची ती बारीक अक्षरं दिसली, ‘खाण, बंद’, आणि म्हाताऱ्याचा गुडघा दिसला, आणि साडूचे ते रिकामे, मैत्रीपूर्ण, ओढून काढावेसे वाटणारे डोळे दिसले.

“डावीकडे,” तो म्हणाला. “मी तपासून घेतलं होतं.”

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग बघणं थांबलं. तोंड फिरवलं नाही, कपाळाला आठी नाही. दुकानदाराने आतून दिवा मालवावा तसं फक्त थांबलं. “चल ताई,” ती म्हणाली आणि उजवीकडे गेली. थोरली तिच्यामागे. साडू खांदे उडवून म्हणाला, “बाबा, चला, हात द्या,” पण सासऱ्यांनी काठी डावीकडे रोवली होती. “मी छापलेल्या बाजूने जाईन,” ते म्हणाले. “चला, जावईबापू.” या वेळी कोणाला, हे स्पष्ट होतं.

डावी वाट खरंच अरुंद होती. एका बाजूला गचपणाचे काटे बाह्या धरत होते, दुसऱ्या बाजूला जमीन कुठे कुठे खाली उतरत होती. तो पुढे झाला आणि प्रत्येक पावलाआधी पुढची जमीन न्याहाळू लागला. खाण आता येईल. पाचोळ्याखाली अचानक काही नसेल. मागून काठीचा ठोका, मग पाऊल, मग दुखऱ्या गुडघ्याचं फरफटतं पाऊल. त्याच्या पाठीला घाम सुटला होता. म्हाताऱ्याला इथेच थांबवावं, परत फिरवावं. पण परत फिरणं म्हणजे तेच म्हणणं, आणि आता तर दोनदा म्हणावं लागलं असतं.

“खोटं बोललात तुम्ही,” सासरे मागून म्हणाले. वर्गात बाकांमधून चालताना म्हणावं तसं.

तो थांबला नाही. “मग माझ्याबरोबर कशाला आलात?”

“तो मोठा बरोबर आहे. त्याच्याबरोबर गेलो असतो तर तो बरोबर असल्याचं तळ्यापर्यंत ऐकावं लागलं असतं. तुम्ही निदान गप्प असता.” काठी, पाऊल, फरफट. “बत्तीस वर्षं मुलं माझ्याशी खोटं बोलत होती. हुशार मुलं फार वाईट खोटं बोलतात. त्यांना वाटतं, कारण भक्कम दिलं की झालं.”

“पुढे खाण आहे,” तो म्हणाला. हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्याला कळलं नाही.

“असं? आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

त्याने बाहीत अडकलेला काटा सोडवला.

“बरं,” सासरे म्हणाले. “मग तुम्ही पुढेच चाला.”

तो पुढे चालला. खाण आली नाही; नकाशावरची ठिपक्यांची रेघ म्हणजे ही वाट नव्हतीच. आलं ते एक डबकं, वाटेच्या पूर्ण रुंदीचं, हिरवट, वर किडे तरंगणारं. बाजूने जायला जागा नव्हती. त्याने सासऱ्यांना हात दिला. त्यांनी तो घेतला नाही, काठीने खोली पाहिली आणि सरळ आत शिरले. पाणी घोट्यापर्यंत होतं. तोही शिरला. बुटात पाणी गेलं, मोज्यात गेलं, थंड आणि किंचित किळसवाणं, आणि त्यातून बाहेर पडून चार पावलं टाकतो न टाकतो तोच गचपण संपलं. उजवीकडून दुसरी वाट येत होती. ती इथेच येऊन मिळत होती. त्या वाटेच्या तोंडाशी, उन्हाच्या एका तुकड्यात, थोरली आणि धाकटी एका दगडावर बसल्या होत्या आणि साडू उभा राहून पाणी पीत होता.

“अरे!” साडू म्हणाला, बाटलीसकट हात वर करून. “तुम्ही पण इथेच? म्हणजे दोन्ही एकच की रे! एवढी वर्षं येतोय, कधी बघितलंच नव्हतं मी.” आणि तो मनापासून, पोट धरून हसला.

सासरे दगडावर टेकले, त्यांनी बूट काढून पाणी ओतलं. पाण्याबरोबर एक किडा पडला, तो उठून चालायला लागला. पलीकडे झाडांमधून तळं दिसत होतं, पुस्तिकेत म्हटलं होतं तसंच, निळं. त्याने धाकटीकडे पाहिलं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि आता बोलणं खरंच सोपं होतं. काही चुकलेलंच नव्हतं. “बघ,” तो म्हणाला, “वाट बरोबरच होती.”

तिने मान हलवली, कोणी स्टेशनचं नाव सांगितल्यावर हलवतात तशी. मग बहिणीकडे वळली. “वरच्या खोलीत कपाट आहे ना गं?”

“आहे की. दारं जरा घट्ट आहेत.”

“असू देत. मी उद्या सकाळीच येते.”

गचपणाच्या दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या होत्या. डावीकडे डबकं होतं, उजवीकडे नव्हतं.